मानलेले घर आणि मुलाचे जुने नाव

अमेरिकेच्या सरहद्दीवर घडणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांविषयी आपल्याकडे गंभीरपणे फारसे बोलले जात नाही. मुखपृष्ठावर झालरीची टोपी घातलेली तरुणी, मागे गवताचा अथांग माळ, त्यावर कापडी छताची एक घोडागाडी. एवढे पाहूनच सुजाण वाचक पुस्तक बाजूला ठेवतो. यांतली बरीचशी पुस्तके एका वाचनात संपणारी आहेत, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु त्यांच्यात एक मोठा गट असा आहे की ज्यात नायक-नायिकेचे प्रेम हे निमित्त असते आणि खरी गोष्ट घर जुळण्याची असते. एखादा विधुर, परमुलखातून आलेली बाई, आईवेगळी मुले, कुणीच उरले नाही असा म्हातारा. रक्ताचे नाते नसलेली ही माणसे एका छपराखाली येतात आणि हळूहळू एकमेकांची होतात. आपण मानलेला भाऊ, मानलेली मुलगी म्हणतो, तसे हे मानलेले घर. मुसलमान घरांत तर दूधभाऊ आणि दूधबहीण ही नातीही मोजली जातात. तेव्हा रक्ताबाहेरचे नाते म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

असे घर जुळवण्याची गरज लेखिकांनी मनाने रचलेली नाही. १८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. एकवीस वर्षे पुरी झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकर सरकारी जमीन मिळे. तिथे पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची, घर बांधायचे, की मालकी त्याची. अविवाहित बाई आणि विधवा यांनाही हा हक्क होता. पुढच्या काळात सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून जवळपास २७ कोटी एकर जमीन या कायद्याने गेली. आता १६० एकरांच्या माळावर एकट्या पुरुषाने नांगर धरायचा, गुरे पाहायची, सरपण आणायचे आणि तान्ह्या मुलालाही सांभाळायचे, हे होणारे नव्हते. शेजार लांब, डॉक्टर त्याहून लांब. बाळंतपणात बायको गेली की पुरुष दुसरी बाई शोधी, आणि धनी मेला की बाईला आसरा शोधावा लागे. लग्न आधी आणि ओळख नंतर, हा या कादंबऱ्यांचा ठरीव साचा या अडचणीतून आलेला आहे. आपल्या आजी-पणजींची लग्ने आठवली तर आपल्याला तो परकाही वाटू नये.

जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी १९७९ साली आली. ख्रिस्ती प्रकाशनांतल्या प्रेमकादंबरीची लाट तिच्यापासून जोर धरू लागली असे मानतात. मार्टी ही एकोणीस वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेला आलेली आहे आणि तिला दिवस गेलेले आहेत. नवरा अपघातात जातो. त्याला पुरले त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा अनोळखी विधुर तिच्यापुढे उभा राहतो. माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तुला छप्पर हवे आहे, आपण लग्न करू. वसंतात पूर्वेला जाणारा गाड्यांचा तांडा आला आणि तुला परत जावेसे वाटले तर भाडे मी देईन, असे तो सांगतो. मार्टीला धड स्वयंपाकही येत नाही. पुढची सगळी कादंबरी चूल, धुणे, शिवण आणि हट्टी मिसी यांच्यात चालते. आम्हांला या पुस्तकात आवडते ते हे की प्रेम इथे कामातून येते. कुणी कुणाच्या सौंदर्यावर भाळत नाही. सकाळी उठून दुसऱ्याच्या मुलीला खाऊ घालायचे, हे रोज केल्यावर ती मुलगी आपली होते. दोष असा की ओकबाईंच्या जगात वाईट माणूस जवळपास नाहीच आणि प्रत्येक दुःखावर प्रार्थनेचे औषध फार लवकर लागू पडते. २००३ साली या पुस्तकावर मायकेल लँडन धाकटे यांनी दूरचित्रपट केला. त्यांचे वडील म्हणजे ‘लिटल हाउस’ मालिकेतले बाबा. त्या देशात माळावरचे घर हा बाप-लेकांचा धंदाच होऊन बसला होता असे दिसते!

याच साच्यात पॅट्रिशिया मॅकलाक्लन यांनी १९८५ साली ‘सेरा, प्लेन अँड टॉल’ लिहिली. शंभर पानेही न भरणारे हे मुलांचे पुस्तक आहे. १९८६ सालचे न्यूबेरी पदक त्याला मिळाले. गोष्ट सांगते ती अ‍ॅना ही मुलगी. तिचा भाऊ केलेब जन्मला आणि दुसऱ्या दिवशी आई गेली. काही वर्षांनी बाबा वर्तमानपत्रात बायकोसाठी जाहिरात देतात. दूरच्या मेन राज्यातून, समुद्राकाठाहून, सेरा नावाच्या बाईचे पत्र येते. मी दिसायला साधी आणि उंच आहे, असे ती आपण होऊन कळवते. मुले पत्रातून विचारतात की तिला गाता येते का. कारण आई गेल्यापासून बाबा गायचे थांबलेले आहेत. ती महिनाभरासाठी येते, बरोबर आपली मांजर आणते, आणि माळावर उभी राहून समुद्र आठवते.

या पुस्तकात भांडण नाही, खलनायक नाही. सगळा ताण एकाच गोष्टीचा आहे: ही बाई राहील की जाईल? अ‍ॅना आणि केलेब तिच्या प्रत्येक वाक्याचा कीस काढतात. ती ‘आपला’ म्हणाली का, ‘पुढच्या वर्षी’ म्हणाली का. एके दिवशी सेरा एकटीच गाडी हाकत गावात जाते. मुलांचा दिवस कसा जातो ते मॅकलाक्लनबाईंनी थोडक्या वाक्यांत लिहिले आहे आणि ती पाने वाचताना मोठ्या माणसाचाही जीव टांगणीला लागतो. संध्याकाळी ती परत येते. तिने रंगीत पेन्सिली आणलेल्या असतात, समुद्राचे चित्र काढायला जे रंग कमी पडत होते त्यांच्या. म्हणजे समुद्र सोडला नाही आणि मुलांनाही सोडले नाही. नव्या घरात येणाऱ्या माणसाने आपले जुने काय करायचे, या प्रश्नाला इतके नेमके उत्तर आम्ही या प्रकारच्या दुसऱ्या पुस्तकात पाहिलेले नाही. आईची जागा घेणारी बाई आईला पुसत नाही आणि स्वतःलाही पुसू देत नाही.

इथे मात्र आमचे मन अडते. मार्टीचा आणि सेराचा माळ रिकामा आहे. तिथे आधी कोण होते? या दोन्ही गोष्टींत मूलनिवासी माणूस पात्र म्हणून उभाच राहत नाही. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५ सालच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’त तो येतो खरा, पण भीती म्हणून. इंगल्स कुटुंबाने कॅन्ससमध्ये घर बांधले ते ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर, आणि तिथे वस्ती करायला कायद्याने मोकळीक नव्हती. त्या प्रदेशात माणसे नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचे एक वाक्य पहिल्या आवृत्तीत होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ साली ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतवाले’ असा शब्द घातला गेला. अठरा वर्षे ते वाक्य कुणाला फारसे खटकले नाही, ही आम्हांला त्या वाक्याहून मोठी गोष्ट वाटते. २०१८ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या नावाने देण्याचे ठरवले, तेव्हा बराच गदारोळ झाला. पुस्तक वाचूच नये असे आम्ही म्हणणार नाही. त्यातले हिवाळे आणि घर बांधण्याची वर्णने अस्सल आहेत. पण घराच्या पायाखाली काय आहे ते वाचकाला ठाऊक असले पाहिजे.

मुलांच्या बाबतीतही तेच. सरहद्दीवरच्या घरांत पोरके मूल येते ते बहुधा आगगाडीतून. १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांतून सुमारे दोन लाख मुले गाड्यांत बसवून पश्चिमेकडच्या गावांत पाठवली गेली. चार्ल्स लोरिंग ब्रेस यांच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने हे सुरू केले. गावच्या सभागृहात किंवा चर्चमध्ये मुलांना रांगेत उभे करीत आणि शेतकरी त्यांतून निवड करीत. भावंडे तुटत. कित्येक मुलांचे आई किंवा बाप हयात होते. या गाड्यांवर पुष्कळ प्रेमकादंबऱ्या निघाल्या आहेत; त्यांत शेवटच्या स्थानकावर उरलेल्या मुलाला नेमकी दयाळू बाई भेटते.

प्रत्यक्षात काय होऊ शके याचे एक उदाहरण १९०४ सालचे आहे. न्यूयॉर्कच्या एका कॅथलिक अनाथालयाने चाळीस मुले अ‍ॅरिझोनातल्या क्लिफ्टन आणि मोरेन्सी या तांब्याच्या खाणींच्या गावांत आणली. मुले बहुतेक आयरिश वंशाची, गोरी. ज्यांनी मुले मागितली होती ती कुटुंबे कॅथलिक होती, पण मेक्सिकन होती. गोऱ्या रहिवाशांनी बंदुका घेऊन रात्री त्या घरांतून मुले काढून नेली. अनाथालय न्यायालयात गेले. आधी अ‍ॅरिझोनाच्या आणि मग १९०६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले, आणि ज्यांनी मुले नेली त्यांच्याकडेच ती राहिली. इतिहासकार लिंडा गॉर्डन यांनी १९९९ साली यावर पुस्तक लिहिले आहे. त्या मेक्सिकन बायांनी मुलांसाठी कपडे शिवले होते, खाटा तयार ठेवल्या होत्या. मानलेले घर कुणी कुणाचे मानायचे यालाही तिथे परवाना लागत होता. या बायांवर कुणी प्रेमकादंबरी लिहिली तर आम्ही ती आनंदाने वाचू.

यतीम मुलाचा प्रश्न आपल्या वाचकाला नवा नाही. यतीमाला सांभाळणे हे मोठे पुण्य, पण त्याचे नाव बदलून त्याला आपल्या बापाच्या नावाने हाक मारू नका, त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने मारा, अशी शिकवण सूरह अहजाबमध्ये आहे. हजरत जैद यांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. या शिकवणीवरून दत्तकाच्या कायद्याचे वाद आपल्याकडे झालेले आहेत आणि होतील. तो विषय इथला नाही. परंतु तिच्यातली एक जाणीव साहित्याच्या कामाची आहे. मुलाचे जुने नाव ही त्याची मिळकत आहे, आणि त्याला घरात घेणाऱ्याने ती बुडवू नये. ही फूटपट्टी घेऊन आम्ही पुढची कादंबरी वाचली.

पॉलेट जाइल्स यांची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ २०१६ साली आली आणि त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. २०२० साली तिच्यावर टॉम हँक्स यांचा चित्रपट निघाला. काळ १८७० चा, जागा टेक्सास. सत्तरी ओलांडलेले कॅप्टन किड गावोगाव फिरून वर्तमानपत्रे वाचून दाखवतात. माणशी एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे. त्यांच्याकडे दहा वर्षांची एक मुलगी सोपवली जाते. कायोवा लोकांनी चार वर्षांपूर्वी तिचे जर्मन आईबाप मारून तिला नेले होते. आता सैन्याच्या धाकाने त्यांनी तिला परत दिले आहे. तिला चारशे मैलांवर, सॅन अँटोनियोजवळ मावशी-काकांकडे पोचवायचे. कागदावर ती जोहाना लिओनबर्गर आहे. ती स्वतःला सिकाडा समजते, कायोवा भाषेतले तिचे नावही पुस्तकात आहे, आणि कायोवा आईबापांखेरीज तिला दुसरे आईबाप आठवत नाहीत.

जाइल्सबाईंनी एक प्रसंग फार चांगला लिहिला आहे. वाटेत नदीला पूर आलेला आहे. पलीकडच्या काठावर मुलीला कायोवा दिसतात आणि ती जिवाच्या आकांताने त्यांना हाका मारते. तिकडच्यांना मात्र फ्रॉक घातलेली, पिवळ्या केसांची एक परकी पोर दिसते. ते इशाऱ्याची गोळी झाडतात. ज्यांना ती आपले म्हणते ते तिला ओळखत नाहीत, आणि जे तिला आपली म्हणतात त्यांना ती ओळखत नाही. पुढे वाटमाऱ्यांशी चकमक होते तेव्हा काडतुसे संपत आल्यावर नाणीच बंदुकीत भरण्याची युक्ती तिचीच. ते संकट टळल्यावर ती शत्रूच्या डोक्याची कातडी काढायला सुरी घेऊन निघते आणि म्हाताऱ्याला तिला सांगावे लागते की हे असे करीत नाहीत. हसू येते आणि अंगावर काटाही येतो. ती त्यांना ‘कोन्टा’ म्हणू लागते, म्हणजे कायोवा भाषेत आजोबा. तिने त्यांना मानले ते आपल्या भाषेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हाताराही तिची भाषा शिकतो. गोऱ्या माणसाने पोरक्या मुलीला इंग्रजी शिकवून माणसात आणले, एवढ्यावर इतर कादंबऱ्या थांबतात.

नातेवाईक सापडतात, आणि ते कठोर निघतात. रक्ताचे आहेत, कागद त्यांच्या बाजूने आहे, पण त्यांना मुलीपेक्षा राबणारे दोन हात हवे आहेत. कॅप्टन एकदा तिला तिथे सोडतात आणि मग परत जाऊन घेऊन येतात. कायद्याने हे मूल पळवणेच. आयुष्यभर शिस्तीत वागलेला, लढाया पाहिलेला, छापखाना चालवलेला माणूस ते करतो आणि लेखिका त्याला त्याबद्दल व्याख्यान देऊ देत नाही. पुढे जोहाना मोठी होते, जॉन कॅली नावाच्या माणसाशी लग्न करते. प्रेमकथा म्हणाल तर ती एवढीच, शेवटच्या पानांत आटोपलेली. आमच्या मते इथे लेखिकेने थोडी घाई केली. त्या मुलीच्या संसारात कायोवा काय उरले, हे आम्हांला आणखी पाहायला हवे होते. आणि तिची कायोवा आई पुस्तकभर आठवणीतच राहते. ज्या बाईने चार वर्षे या मुलीला वाढवले आणि एका सकाळी सोडून दिले, तिच्या तंबूत आपण एकदाही बसत नाही. वाचकाचे सगळे अश्रू म्हाताऱ्याच्या वाट्याला जातात.

अशा परत आणलेल्या मुलांचा इतिहास सुखान्त नाही. सिंथिया अ‍ॅन पार्कर हिला १८३६ साली टेक्सासमधून कोमांचींनी नेले तेव्हा ती नऊ वर्षांच्या आसपास होती. तिचे लग्न तिथेच झाले, मुले झाली. १८६० साली पीस नदीकाठी हल्ला करून तिला ‘सोडवण्यात’ आले, तेव्हा तिच्या कडेवर छोटी मुलगी होती. नवरा आणि मुलगे दुरावले. तिने पुन्हा पुन्हा पळून जायचा प्रयत्न केला. मुलगी लहानपणीच वारली आणि काही वर्षांनी तीही. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा प्रमुख झाला. त्याने आईचे पार्कर हे आडनाव लावले आणि १९१० साली तिच्या अस्थी आपल्या मुलखात आणवल्या. दुसऱ्या बाजूला १८७९ साली कार्लाइलची शाळा निघाली. तिथे मूलनिवासी मुलांना घरापासून दूर नेऊन त्यांचे केस कापीत, भाषा बंद करीत, नावे बदलीत. म्हणजे गोरे मूल तिकडे वाढले तर त्याला बळाने परत आणायचे आणि तिकडचे मूल मात्र बळाने इकडे वाढवायचे. १९७८ साली मूलनिवासी मुलांसाठी कायदा झाला की मूल आधी नातलगांकडे, मग जमातीत द्यावे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

बेव्हर्ली जेंकिन्स यांचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण सरहद्दीवरच्या प्रेमकादंबरीत काळा माणूस नोकर म्हणून यायचा, तो त्यांनी घरमालक म्हणून आणला. त्यांची पहिली कादंबरी ‘नाइट साँग’ १९९४ सालची. तिच्यातले कॅन्ससमधले गाव काल्पनिक आहे, पण गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १८७७ साली वसवलेले निकोडेमस हे गाव खरे आहे. २०१८ सालच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये वायोमिंगचा विधुर डॉक्टर आणि जाहिरातीवरून आलेली वधू हा जुनाच साचा आहे, फरक एवढा की ही वधू येता येता चुकून नवरदेवावरच गोळी झाडते. तिला स्वतःला मावशीने वाढवले आहे, म्हणून सावत्र मुलीशी कसे वागायचे ते तिला शिकवावे लागत नाही. जेंकिन्स मनोरंजनासाठीच लिहितात आणि ते लपवीत नाहीत. त्यांची शृंगारिक पाने आपल्या सगळ्या वाचकांना रुचतील असे नाही.

शेवटी लुइस अर्ड्रिक यांचे ‘द बर्चबार्क हाउस’. हे १९९९ सालचे पुस्तक प्रेमकादंबरी नाही, पण मानलेल्या घराची जी गोष्ट इतर सगळे गोऱ्या दारातून सांगतात ती यात पलीकडच्या दारातून सांगितली आहे. अर्ड्रिक स्वतः ओजिब्वे वंशाच्या. १८४७ साल, सुपीरियर सरोवरातले एक बेट. ओमाकायास ही सात वर्षांची मुलगी आजी, आई, बाबा, बहीण आणि भावांबरोबर राहते. वर्षभराच्या कामांची ही गोष्ट आहे: सालींचे घर बांधणे, कातडी कमावणे, तांदूळ गोळा करणे, साखर करणे. वाइल्डरबाईंच्या पुस्तकात जे जे आहे ते सगळे इथे आहे. मग हिवाळ्यात देवी येतात. घरातली माणसे एकेक आडवी होतात. ओमाकायासला काही होत नाही, ती सगळ्यांची शुश्रूषा करते, आणि तरीही तिचा सर्वांत लाडका तान्हा भाऊ तिच्याच हातांत जातो.

आपण का वाचलो, हे तिला नंतर कळते. दुसऱ्या एका बेटावर देवीने सगळी वस्ती मेली होती आणि प्रेतांमध्ये एक तान्ही मुलगी रांगत होती. तिथे गेलेले पुरुष भिऊन तिला तशीच सोडून आले. त्यांच्यातल्या एकाची बायको, ओल्ड टॅलो नावाची दांडगी बाई, हे ऐकून संतापली. तिने त्या नवऱ्याला सोडले, एकटीने होडी घातली आणि मूल उचलून आणले. ते मूल ओमाकायास. ओल्ड टॅलो तिला हे सगळे सांगते, तिच्या मेलेल्या माणसांविषयीही सांगते. मग मुलगी रानात एकटी जाऊन पडते, पक्ष्याचा आवाज ऐकते, आणि भावाची आठवण काढते. ज्याच्याशी तिचे रक्ताचे नाते नव्हते, हे तिला आता ठाऊक आहे, त्याची.